शाळेत न गेलेली टॉपर

बसवकल्याणच्या बसस्टँडसमोर तो फ्लेक्स लागला तेव्हा उमादेवी भाजी घेत होती. आधी तिला शाळेचे मालक शिवशंकरप्पांचं तोंड दिसलं, कारण सगळ्यात मोठं तेच होतं. त्यांच्या खाली हात जोडलेल्या पुढाऱ्यांची रांग, आणि रांगेच्या खाली एका गोल चौकटीत तिची अमूल्या. अमूल्याच होती ती, पण पिठात घोळून काढावी तशी पांढरीफटक केलेली. गळ्यापर्यंत तिची पोरगी आणि गळ्याखाली निळा कोट आणि लाल टाय. असला कोट अमूल्यानं जन्मात अंगाला लावला नव्हता. कॉम्प्युटरवर बसलेल्या कुण्या दिवट्यानं तिची मान उचलून दुसऱ्याच कुणाच्यातरी कोटावर बसवली होती. वर मोठ्या कानडीत आणि खाली बारीक मराठीत लिहिलं होतं: आमच्या शिक्षकांच्या परिश्रमाचं फळ.

मेथीच्या जुडीला माती होती की नव्हती हे उमादेवीनं बघितलंच नाही, तशीच पिशवीत कोंबली. भाजीवाली कौतुकानं म्हणाली की अक्का, तुमची पोरगी लई मोठ्या शाळेत होती म्हणायची. उमादेवी सुटे पैसे टाकून घराकडं निघाली.

आता ह्या परिश्रमाची गोष्ट अशी, की शिवशंकरप्पांच्या एकाही शिक्षकानं अमूल्याचं तोंडसुद्धा बघितलं नव्हतं. सातवीपर्यंत ती गावातल्या दुसऱ्या एका शाळेत होती. एकदा तपासायला साहेब येणार म्हणून तिथल्या बाईंनी परीक्षेची उत्तरं फळ्यावर लिहून दिली आणि पोरांना उतरवून घ्यायला लावली. अमूल्यानं गणित आधीच सोडवलेलं होतं. तिचं बरोबर होतं आणि फळ्यावरचं चुकलेलं. बाईंनी तिला बरोबर उत्तर खोडून चुकीचं लिहायला लावलं, सगळ्यांचं सारखं दिसलं पाहिजे म्हणून. पोरगी घरी येऊन रडली नाही, चिडली नाही. जेवता जेवता सहज सांगून गेली, आणि वर भाकरी मागितली. उमादेवीला त्या सहजपणाचीच धास्ती बसली. दुसऱ्या दिवशी तिनं पोरीचं दप्तर खुंटीला टांगलं ते टांगलंच.

तिचं स्वतःचं बीएस्सी झालेलं होतं, बिदरला. लग्नानंतर त्या डिग्रीचा उपयोग एवढाच, की नवऱ्याच्या, विरुपाक्षच्या खत-बियाण्यांच्या दुकानात औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर तिला वाचता यायचं. आता तिनं मागची खोली रिकामी केली, बियाण्यांची पोती गच्चीच्या जिन्याखाली सरकवली आणि पोरीला समोर बसवलं. गणित आणि विज्ञान तिचं. कानडी सासूबाईंची, नागव्वांची. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण अमूल्याचा एक उच्चार वाकडा गेला की त्या तांदूळ निवडता निवडता मान वर करायच्या. घरात मराठी, दारात कानडी आणि पुस्तकात इंग्रजी, असं तीन पायांवर त्यांचं चाललं. नळाला पाणी यायचं त्या दिवशी शाळेला सुट्टी, कारण हंडे भरता भरता भूमिती होत नाही हे उमादेवीला पहिल्याच महिन्यात कळलं. बटाट्याच्या फोडीवर मेडिकलमधलं आयोडीन टाकून दोघींनी तो निळाकाळा झालेला बघितला, त्या दिवशी नागव्वांनी बटाट्याची भाजी खायची नाही म्हणून सांगितलं.

लोकांनी छळायचं तेवढं छळलं. कुणीही पाहुणा आला की पोरगी घरीच तर आहे, चुरमुऱ्यांचा सुसला करायला लावा तिला, असं म्हणायचा. नणंद बाळंत झाली तेव्हा तिच्या सासरच्यांनी सरळ निरोप धाडला, की अमूल्याला शाळा नाही, महिनाभर पाठवून द्या. उमादेवीनं त्यांना जे उत्तर दिलं त्यावरून पुढं वर्षभर त्या घरचं हळदीकुंकवाचं बोलावणं तिच्या घरी आलं नाही. तिनं ते सोसलं. आपली पोरगी खोटं लिहिणार नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी तिनं सगळंच सोसलं.

दहावी जवळ आल्यावर विरुपाक्षनं एक सोय काढली. उमादेवीच्या मनात पोरीला बाहेरून परीक्षेला बसवायचं होतं. तो म्हणाला, बाहेरून बसली असं निकालावर येईल, उद्या चांगल्या कॉलेजात विचारतील, परवा लग्नात विचारतील. शिवशंकरप्पा आपल्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक, त्यांच्या शाळेत नाव तेवढं घालून ठेवू, पोरगी घरीच शिकेल. ते हजेरी लावून घेतात. गावात अशी कितीतरी पोरं होती, नाव शाळेत आणि पोरगं शेतात नाहीतर दुकानात. सगळ्यांना ठाऊक आणि कुणालाच त्याचं काही नाही. उमादेवीनं आठवडाभर नवऱ्याशी अबोला धरला आणि मग हो म्हणाली. हो म्हणताना तोंडात माशी गेल्यासारखं झालं होतं, पण गिळली.

मग परीक्षेच्या खोल्यांत कॅमेरे बसले. दूर कुठंतरी पडद्यासमोर बसून माणसं थेट बघणार, असं झाल्यावर खिडकीतून चिठ्ठ्या टाकणारे मामा-काका घरी बसले आणि शिवशंकरप्पांच्या शाळेचा निकाल तोंडावर आपटला. अर्ध्याहून जास्त पोरं नापास. जी तरली ती काठावर. आणि त्या सगळ्या पडझडीत एक नाव सव्वासहाशेपैकी पावणेसहाशेच्या वर गेलं होतं. ते नाव हजेरीपुरतं ठेवलेल्या पोरीचं होतं.

फ्लेक्स लागला त्याच संध्याकाळी शिवशंकरप्पा पेढे घेऊन घरी आले. जाडजूड माणूस, अत्तराचा वास दारातून आधी आत आला. त्यांनी स्वतःच्या हातानं पेढा मोडला आणि अमूल्याच्या तोंडात कोंबला, बोटं तशीच टॉवेलला पुसली, आणि आमची मुलगी, आमची मुलगी असं दहादा म्हणाले. उमादेवीनं चहा ठेवला पण तिथं बसली नाही, स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिली. त्यांचं म्हणणं साधं होतं. ते यंदा पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावीचं कॉलेज काढणार होते, सायन्स, आणि शाळेच्या पोरापोरींनाही राहता येईल असं हॉस्टेल. अमूल्याला दोन्ही वर्षं फुकट. त्याआधी रविवारी फंक्शन हॉलमध्ये सत्कार ठेवलाय, तिथं पोरीनं दोन शब्द बोलायचे, शाळेबद्दल, सरांबद्दल. बस, एवढंच. विरुपाक्ष मान डोलावत होता, जणू त्याच्याच दुकानाचं उद्घाटन होतं.

शिवशंकरप्पा गेल्यावर उमादेवी बोलली. तिनं नवऱ्याला विचारलं की ह्या माणसानं आपल्या पोरीची मान कापून कोटावर चिकटवली ती तुम्हाला दिसली नाही का. तो म्हणाला, फोटोच आहे तो. ती म्हणाली, मला त्या माणसाची घाण वाटते, त्याच्या पेढ्याचीसुद्धा घाण वाटते. तो म्हणाला, घाण वाटायला काय लागतं, कॉलेजची फी भरायला पैसा लागतो. दुकानाचं यंदा कसं चाललंय ते तिलाही दिसत होतं.

अमूल्या कोपऱ्यात मोबाईलवर तोच फोटो बोटांनी मोठा करून बघत होती. कुणीतरी बसस्टँडवरून काढून पाठवला होता. उमादेवी तिच्याजवळ गेली, म्हणाली की आपण जायचं नाही सत्काराला.

"मला जायचंय," अमूल्या मोबाईलमधनं मान वर न करता म्हणाली. "मम्मी, तीन वर्सं मला कुनीबी बघितलं न्हाई. तू आनी अज्जी सोडून कुनालाच ठाव न्हवतं मी काय करायले ते. आता समदे बघायलेत तर तू नको म्हनायलीस."

हे उमादेवीच्या वर्मी लागलं. तिनं पोरीला खोट्यापासून वाचवलं होतं, पण वर्गातल्या टाळ्यांपासून, मधल्या सुट्टीपासून, मैत्रिणींपासूनही वाचवलं होतं, आणि ह्याचा विचार तिनं कधी नीट केला नव्हता. मग तिनं तोडगा काढला. जा, फुलं घे, शाल घे, लोकांना बघू दे. फक्त बोलायला उभी राहिलीस की घरी शिकले एवढं म्हण. शाळेला शिव्या देऊ नकोस, कुणाला उघडं पाडू नकोस, पण घरी शिकले हे म्हणच. अमूल्यानं मान हलवली. ती मान हलवणं उमादेवीनं चार दिवस उशाशी घेऊन काढलं.

रविवारी फंक्शन हॉलला बाहेरच्या खेड्यांतनं माणसं आली होती. मंठाळहून, राजेश्वरहून, पोरंपोरी घेऊन. हॉस्टेलचं ऐकून आली होती. दारातच टेबल मांडून प्रवेशाची नावं लिहून घेणं चालू होतं. सत्कार कशासाठी ठेवलाय ते उमादेवीला दारातच कळलं. आत खुर्च्या मांडणारी, पाण्याचे ग्लास फिरवणारी पोरं शाळेच्या कोटातली होती, आणि त्यांच्यातली बरीचशी तीच होती जी आपटली होती. ती शाळेत रोज गेलेली पोरं. त्यांना आज घाम पुसत सतरंज्या ओढायला लावलं होतं, आणि एकदाही न गेलेली तिची पोरगी पहिल्या रांगेत. कोट अमूल्याच्याही अंगात होता. शिवशंकरप्पांनी सकाळीच खरा कोट घरी पाठवला होता, आणि तिनं तो घातला होता. अगदी फोटोतल्यासारखी दिसत होती.

बसवण्णांच्या फोटोला हार घातला. एका बाईंनी त्यांचं कानडी वचन गाऊन म्हटलं. मग भाषणं झाली, एकेका सरांनी एकेका विषयातल्या आपल्या कष्टांची माहिती दिली. गणिताचे सर म्हणाले, अमूल्याला पहिल्या दिवशी बघितलं तेव्हाच मी ओळखलं. उमादेवीनं त्यांच्याकडं नीट बघून घेतलं. पानानं लाल झालेले दात, खिशाला दोन पेन, आणि आवाजात कुठंही अडखळणं नाही. ह्या माणसानं वर्गातल्या निम्म्या पोरांची गणितं बुडवली होती आणि तो तिचं गणित आपल्या खिशाला लावून घेत होता. माणूस इतकं निर्लज्ज कसं होऊ शकतो, ह्याचं तिला नवल वाटायचंही बंद झालं. नुसती शिसारी राहिली.

अमूल्या बोलायला उठली. आधी कानडीत बोलली, मग मराठीत. उमादेवीनं शिकवलं होतं तसंच, घाई न करता, एका वाक्यानंतर थोडं थांबून. ती म्हणाली की ह्या शाळेनं मला घडवलं. ती म्हणाली की गणिताच्या सरांनी सुट्टीतसुद्धा आम्हाला बोलावून शिकवलं. प्रयोगशाळेत बटाट्यावर आयोडीन टाकून तो निळाकाळा झालेला बघितला तो दिवस मी विसरणार नाही, असंही म्हणाली. प्रयोगशाळेत. उमादेवीच्या हाताखालची विळी, नागव्वांचा तो बटाटा, सगळं तिनं उचलून शिवशंकरप्पांच्या पदरात टाकलं. शेवटी म्हणाली, घरच्यांनीही साथ दिली, मम्मी वेळेवर डबा द्यायची. हॉलभर टाळ्या पडल्या. गणिताचे सर डोळे पुसत होते, आणि पुसण्यासारखं खरंच काही होतं की काय कोण जाणे.

मग वेळेवर डबा देणाऱ्या आईला वर बोलावलं. उमादेवी उठणार नव्हती. पण विरुपाक्षनं कोपर धरलं, मागच्या बायका चला चला करू लागल्या, आणि पायऱ्या संपल्यावर तिला कळलं की आपण वर आलो आहोत. शिवशंकरप्पांनी तिच्या खांद्यावर शाल टाकली. त्यांचा ओलसर हात मानेला लागला आणि तिच्या अंगावर काटा आला. तरी ती उभी राहिली. फोटोवाला म्हणाला, इकडं बघा. अमूल्या तोंड न हलवता हळूच म्हणाली की मम्मी, हस ना थोडं.

खाली आल्यावर तिनं पोरीला एका खांबाजवळ ओढलं, पण बोलायच्या आधीच एक बाई समोर आली. पस्तिशीची असेल, चेहऱ्यावर बसच्या प्रवासाची धूळ, साडी मात्र ठेवणीतली. बरोबर तेरा-चौदा वर्षांची पोरगी. बाईनं आपलं नाव राजश्री सांगितलं, पोरीचं प्रियंका. मंठाळहून आलो, मालक टेम्पो चालवतात, पोरगी सरकारी शाळेत सातवी झाली, आता हिला इथं हॉस्टेलला ठेवायचं म्हणतोय, असं सगळं एका दमात सांगितलं. प्रियंका तिचं काही ऐकत नव्हती. ती अमूल्याच्या कोटाकडं टक लावून बघत होती.

"ताई, तुमी आई हाव, तुमीच सांगा," राजश्री म्हणाली. "लेकरू पैल्यांदाच घराभाईर ठेवायलोय. बरी हाय न्हवं शाळा?"

उमादेवीच्या आधी अमूल्याच बोलली. लई चांगली हाय मावशी, सर लोक जीव लावत्यात, बिनघोर ठेवा. आणि प्रियंकाच्या गालाला हात लावून हसली. तिथं माईक नव्हता. शिवशंकरप्पा नव्हते, विरुपाक्ष नव्हता. हे तिला कुणी म्हणायला लावलं नव्हतं. स्टेजवर बोलली ते फुकटच्या दोन वर्षांसाठी होतं असं म्हणून उमादेवीनं मनाची समजूत घालत आणली होती. ह्याची समजूत कशी घालायची.

"खोटं हाय ते," उमादेवी म्हणाली. "ही एक दिवसबी ह्या शाळेत बसली न्हाई. मी घरी शिकवलंय हिला. इथली अर्धीअधिक पोरं नापास झाल्यात, त्या सतरंज्या ओढायलेत ती बगा. पोरीला हितं टाकू नका, बाई. हात जोडते."

राजश्रीनं सतरंज्या ओढणाऱ्या पोरांकडं बघितलं नाही. तिनं उमादेवीच्या खांद्यावरच्या शालीकडं बघितलं, मग गळ्यातल्या, लिंगायतांच्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीकडं, मग तोंडाकडं. तिचा चेहरा बघता बघता बदलला. ओठ एका बाजूला ओढले गेले.

"कामून असं बोलायलाव, ताई?" ती आवाज न चढवता म्हणाली. "आत्ताच वर जाऊन शाल घेतलाव की. तुमची पोरगी शिकून पुढं गेली, आता आमच्या लेकरानं तिच्या मागं येऊ ने, व्हय? असलं लई ऐकलाव आमी. तुमच्या लोकांकडनं आमच्या आज्यापासून ऐकायलाव."

ही बाई चुकली होती आणि तरीही तिचं चुकलं असं म्हणता येत नव्हतं. आता एकच माणूस होता जो एका शब्दात हे मिटवू शकत होता. उमादेवीनं अमूल्याचा हात घट्ट धरला.

"सांग तिला," ती म्हणाली. "अमू, खरं काय ते सांग."

अमूल्यानं आईकडं बघितलंच नाही. तिनं राजश्रीकडं बघितलं, स्टेजवर थांबली होती तशीच थोडी थांबली, आणि हळू, समजुतीच्या आवाजात बोलली.

"मम्मीची तब्येत बरी न्हाई, मावशी. मनावर घिऊ नका. तिकडं दारात टेबलावर नाव लिहून घ्यायलेत, लवकर जावा, सीटा भरायल्यात."

राजश्रीनं मान हलवली. आता तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थोडी कीवच होती. तिनं प्रियंकाचं मनगट धरलं आणि गर्दीतून वाट काढत टेबलाकडं निघाली. प्रियंका जाता जाता तीनदा मागं वळून अमूल्याकडं बघून हसली, आणि अमूल्यानं तीनही वेळा हात हलवला. उमादेवीला जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या पोरीची किळस आली, आणि ती पोरगी तिच्या दंडाला धरून, खुर्ची पुढं ओढून, तिला खाली बसवायला बघत होती.